सुरीला घरी मूठ बसवायची आहे: चिकू, शिसव की सागवान?

दिवेआगरकर_पुणे

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर गावी गेलो होतो तेव्हा बाजाराच्या रस्त्याला घिसाडी लोकांची पालं पडली होती. त्यांच्याकडून ट्रकच्या पाट्याच्या तुकड्यातून स्वयंपाकघरासाठी एक सुरी ठोकून घेतली. पातं सात इंचांचं, पाठीकडे तीन मिलिमीटर जाड. मागे मुठीसाठी साडेचार इंचांची सपाट पट्टी सोडली आहे, तिला अजून भोकं पाडलेली नाहीत. मूठ ते लगेच बसवून देत होते, पण ती मला स्वतः करायची आहे.

घरात हाताशी असलेली लाकडं अशी:

निसर्ग चक्रीवादळात (३ जून २०२०) आमच्या वाडीतला जुना चिकू मुळासकट पडला. भावाने त्याचे दोन ओंडके सालीसकट माळ्यावर टाकून ठेवले आहेत, मांडीएवढे जाड असतील. आजीच्या पलंगाचा मोडका शिसवी पाय आहे. घराच्या दुरुस्तीत निघालेला सागवानी वाशाचा हातभर तुकडा आहे. आणि आंब्याच्या लाकडाच्या पेटीच्या फळ्या आहेत.

हत्यारं: करवत, हँड ड्रिल, एक लाकडाची आणि एक लोखंडाची कानस, दोन सी क्लॅम्प, पॉलिश पेपर. फ्लॅटच्या गॅलरीत काम करणार, त्यामुळे ग्राइंडर किंवा मोठं मशीन नाही.

कुठलं लाकूड घेऊ, आणि आकार कसा देऊ? सुरी आई वापरणार आहे. तिला संधिवात आहे, उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत.

रानवाट_नाशिक

साग घ्या. कापायला सोपा, पाण्याला टिकाऊ, पावसाळ्यात फारसा फुगत नाही. घरच्या हत्यारांनी शिसव कापायला घेतली तर करवतीची धार जाईल आणि हातही भरून येतील. आंबा मात्र अजिबात नको. ओला हात लागला की पाणी पितो आणि काळा पडतो.

कुडाळचो_सुतार

दिवेआगरकर, तुम्ही आधी चार लाकडं मोजलीत आणि आईच्या बोटांचं सगळ्यात शेवटी लिहिलंत. माझ्या मते सुरुवात तिथून करा. माझं आयुष्य सुतारकामात गेलं. आता वर्कशॉप मुलगा बघतो आणि मी कोयत्यांना, विळ्यांना, सुऱ्यांना मुठी करून देतो. गिऱ्हाईक आलं की मी त्याला लाकूड दाखवत नाही, आधी त्याचा हात बघतो. पंजा किती रुंद, अंगठा कुठे टेकतो, कामाची सवय कशी, हे कळल्याशिवाय मूठ होत नाही. चांगलं लाकूड चुकीच्या आकारात घातलं तरी मूठ वाईटच होते.

संधिवाताच्या हाताला बारीक मूठ जाचते. ती धरायला बोटं पूर्ण मिटावी लागतात आणि निसटू नये म्हणून घट्ट आवळावी लागते. नेमका त्या आवळण्याचाच त्रास होतो. बाजारातल्या बऱ्याच सुऱ्यांची मूठ पंधरा-सोळा मिलिमीटर जाडीची असते. तुमच्या आईंना ती मधोमध चोवीस-पंचवीस लागेल, आणि वरून खाली तेहतीसच्या आसपास. पण माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. मापच घ्या.

माप असं घ्यायचं. पात्याला जाड कापड गुंडाळून वर दोरीने आवळून बांधा, धार कुठेही उघडी राहता कामा नये. मागच्या पट्टीला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा आणि तिच्यावर शाडूची माती थापा. तुमच्या रायगडात पेण असताना शाडूची काय कमी! मग सुरी आईंच्या हातात द्या आणि पाटासमोर उभं करून कांदा कापताना धरतात तशी धरायला सांगा. बसून कापत असतील तर बसून. दोन-तीन वेळा सोडून परत धरू दे. मातीत बोटांचे खळगे उठतील, तळव्याचा उंचवटा उठेल, अंगठा कुठे दाबतो ते दिसेल. माती ओली असतानाच मापं घ्या, कारण वाळली की ती आकसते. बाजूने आणि वरून असे दोन आकार कागदावर उतरवून ठेवा. बोटांचे खळगे मात्र लाकडात कोरू नका. खळगे कोरले की हात एकाच जागी बांधला जातो, आणि दुखणाऱ्या हाताला जागा बदलता आली पाहिजे. मातीतून फक्त जाडी आणि फुगवटा कुठे हवा ते घ्यायचं.

आता लाकूड.

आंबा बाद, नाशिककर म्हणतात तसा.

साग वाईट नाही. हवेतल्या ओलाव्याने कमी हलणारं लाकूड म्हणून त्याचं नाव आहे ते खरं आहे. पण त्याची छिद्रं मोठी असतात आणि धाग्याच्या दिशेने तो चटकन चिरतो. कोयत्याला मी साग कधीच घालत नाही, घाव बसला की फाटतो. कोयत्याला बाभूळ, धावडा, तिवस. सुरीला घाव नसतो, त्यामुळे सुरीला साग चालतो.

चिकूचं लाकूड फार गुणी. जड, चिवट, आत तांबूस तपकिरी, आणि इतकं घट्ट की छिद्र डोळ्याला दिसत नाही. चिकू मूळचा मध्य अमेरिकेचा. ग्वाटेमालात टिकाल इथल्या माया मंदिरांच्या दारांवरच्या लाकडी तुळया याच झाडाच्या आहेत, हजार वर्षांहून जुन्या. इतकं टिकणारं लाकूड आपल्याकडे चुलीत जातं याचं मला वाईट वाटतं. तुमच्या भावाने ते राखलं, फार बरं केलं. मात्र सालीसकट गोल ओंडका माळ्यावर कितीही वर्षं पडला तरी आतून वाळतोच असं नाही. फळी साधारण इंचाला एक वर्ष या हिशेबाने वाळते, ओंडका त्याहून खूप सावकाश. वर श्रीवर्धनकडची दमट हवा आणि पुण्याची कोरडी हवा यांत मोठा फरक. तिथलं लाकूड आणून लगेच मूठ केलीत तर एप्रिलमध्ये ती आकसेल आणि लोखंडाची कड बाहेर येऊन हाताला लागेल.

शिसवी पाय. माझं मत याला. पलंग जुना म्हणजे ते लाकूड हलायचं तेवढं हलून झालं आहे. वजनाचाही विचार करा, कारण आईंना सुरी उचलायची आहे. अशा जाडसर मुठीत साधारण साठ घन सेंटिमीटर लाकूड जातं. सागाचा घनमीटर सुमारे साडेसहाशे किलो, म्हणजे मूठ चाळीस ग्रॅम. शिसव साडेआठशेच्या आसपास, म्हणजे पन्नास. चिकूची साठपर्यंत जाईल. फरक थोडा वाटतो, पण वजन मुठीत असलं तर पात्याचं टोक हलकं लागतं आणि मनगटाला बरं पडतं. म्हणून शिसवीचे दहा ग्रॅम जास्त झाले तरी मला चालतील.

पायाचा कातलेला गोल भाग सोडा. वरचा चौकोनी भाग असेल, तिथे पलंगाची आडवी पट्टी बसायची त्याचं भोक असेल. ते भोक वगळून सलग तुकडा मिळतो का बघा. दोन फळ्या हव्यात, प्रत्येकी तेरा सेंटिमीटर लांब, चार रुंद, बारा मिलिमीटर जाड. दोन्ही एकाच तुकड्यातून, एकीशेजारची दुसरी अशा काढा, म्हणजे हवा बदलली तरी दोघी सारख्याच हलतील. कापण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. जुन्या पायांत तुटलेला खिळा हमखास असतो.

धागा बघायला फळीची कड बघा. कडेवरच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. तिरप्या जाऊन मध्येच बाहेर पडत असतील तर मूठ तिथेच चिरणार. शंका असेल तर टाकाऊ टोकाची एक ढलपी पटाशीने फोडा. ती फुटते त्या दिशेने धागा आहे, वरची नक्षी काहीही दाखवो. गाठ आणि मधला गाभ्याचा ठिपका दोन्ही टाळा.

भोकं पाडण्याआधी मागच्या पट्टीच्या कोपऱ्यावर लोखंडाची कानस ओढून बघा. घिसाडी बहुतेक धारेलाच पाणी देतात, म्हणजे तापवून आणि विझवून कडक करतात, मागचा भाग मऊ ठेवतात. कानस कातरत गेली तर साधा ड्रिल चालेल. नुसती घसरून किंचाळली तर पट्टी कडक आहे. मग घरी झटापट न करता एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कार्बाइड ड्रिलने भोकं पाडून घ्या. पट्टी तापवून मऊ करायला जाऊ नका. उष्णता धारेपर्यंत पोचली की दिलेलं पाणी उतरतं. पाच मिलिमीटरची पितळी सळई घेणार असाल तर लोखंडात भोक साडेपाचचं आणि लाकडात बरोबर पाचचं. पहिली फळी पट्टीला क्लॅम्पने आवळायची आणि पट्टीतल्या भोकांतून तिच्यात भोकं पाडायची. त्या भोकांत सळईचे तुकडे घालून ठेवायचे, मग दुसरी फळी दुसऱ्या बाजूला आवळून, एकेका भोकातला तुकडा काढून, तसंच. असं केलं की रेषा चुकत नाही.

चिकटवण्याआधी फळ्यांची आतली बाजू सपाट करा. जाड काचेवर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर अंथरून त्यावर फळी घासा. मग फळी पट्टीवर ठेवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड आला तर परत घासा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढे याच फटीत पाणी शिरतं, मीठ शिरतं, आत गंज धरतो आणि मूठ उचलली जाते. सुऱ्यांच्या मुठी मोडतात त्या बहुतेक अशाच.

एक गोष्ट आधीच करायची असते. फळीची पात्याकडची टोकं, म्हणजे मूठ जिथे सुरू होते ती कड, चिकटवण्यापूर्वीच गोलवून, चारशे नंबरपर्यंत घासून पूर्ण तयार करा. एकदा चिकटली की तिथे पात्याला ओरखडे न पाडता कानस फिरवता येत नाही. दोन्ही टोकं जुळली पाहिजेत. दोन्ही फळ्या सळईवर एकत्र अडकवून, सुरीशिवाय, एकदम घासा, म्हणजे जुळतात.

शिसव आणि साग दोन्ही तेलकट. चिकटवायची बाजू थिनरने पुसा आणि वाळली की लगेच अराल्डाइट लावा. चोवीस तासांत जमणारं घ्या, पाच मिनिटांचं नको. दोन्ही ट्यूबमधून सारखं. क्लॅम्प बेताने आवळा, नाहीतर सगळं बाहेर येतं आणि आत चिकटवायला काही उरत नाही. पात्याकडच्या कडेला बाहेर आलेलं लगेच थिनरच्या बोळ्याने पुसून घ्या.

आकार देताना घाई नको. चौकोनी ठोकळ्याचे चारही कोपरे कानशीने पंचेचाळीस अंशात उतरवा, अष्टकोन होतो. अष्टकोनाचे आठही कोपरे परत उतरवा. दर वेळी दोन्ही बाजूंना सारखे हात मारायचे. मग एमरी कापडाची दोन बोटं रुंद पट्टी घेऊन, सुरी क्लॅम्पमध्ये धरून, दोन्ही टोकांनी खालीवर ओढा. गोलाई आपोआप येते. आडवा छेद पूर्ण गोल होऊ देऊ नका. वर थोडा रुंद आणि धारेच्या बाजूला निमुळता ठेवा, म्हणजे न बघता धरली तरी धार कुठे आहे ते हाताला कळतं. शेवटी करंगळीमागे किंचित फुगवटा ठेवा, ओल्या हातातून सुरी मागे सरकत नाही.

ऐंशी नंबरच्या घासण्यावर थांबा आणि तेल-पॉलिश काही न लावता सुरी आईंना द्या. हातांना थोडी कोळशाची पूड चोळायला सांगा आणि रिकाम्या पाटावर कापल्यासारखं करू दे. लाकडावर जिथे काळं गडद उमटेल ती जागा जास्त टोचते आहे. ती उतरवायची, पुसून परत द्यायची. माझ्याकडे गुडघ्याएवढ्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना मी हेच करायला लावतो.

दिवेआगरकर_पुणे

काका, मनापासून आभार. शाडूची कल्पना आईला सांगितली, ती तयार आहे. पायाचा चौकोनी भाग मोजला, भोक वगळून सतरा सेंटिमीटर सलग मिळतो. चिकूचं काय करू? टाकून द्यायचा नाही.

कुडाळचो_सुतार

टाकायचा विचारही करू नका. ओंडका मधोमध उभा फोडा किंवा चिरून घ्या, गाभ्याचा ठिपका वगळा, पंधरा मिलिमीटरच्या फळ्या काढा. दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंट फासा. लाकूड टोकांतून सगळ्यात भराभर वाळतं आणि तिथूनच तडकतं, ते थांबतं. मग पुण्याला आणून पलंगाखाली, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचा. एका फळीवर खूण करून ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला ठेवा आणि वजन तिच्यावरच पेन्सिलने लिहीत जा. वजन महिनाभर हललं नाही की लाकूड तुमच्या घराच्या हवेशी जुळलं. पावसाळ्यात वजन परत वाढेल, त्याला घाबरू नका. काम मार्च-एप्रिलमध्ये करा.

लातूरची_भाती

आमच्याकडे विळ्या-खुरप्यांच्या मुठींना अराल्डाइट कधी लागलं नाही. पात्याला मागे टोकदार शेपूट असतं. पातं ओल्या फडक्यात गुंडाळून शेपटाचं टोक लाल करायचं आणि आधीच पाडलेल्या बारीक भोकात दाबायचं. ते जाळत आपली जागा करतं. मग काढून, भोकात लाख आणि विटेची बारीक पूड भरून, शेपूट परत गरम करून बसवायचं. तोंडाला लोखंडी साम, म्हणजे कडं, ठोकलेली असते, त्यामुळे लाकूड फाटत नाही. मूठ झिजली तर शेकून सुटी करायची, दुसरी घालायची. पातं बापाचं आणि मूठ मुलाची अशी खुरपी आमच्या गावात घरोघर आहेत. लाकूड बाभळीचं, बैलगाडीच्या मोडक्या चाकाचे आरे मिळाले तर सोनंच. अराल्डाइटने बसवलेली मूठ पुढे बदलायची वेळ आली तर फोडावी लागते, हे लक्षात घ्या.

कुडाळचो_सुतार

लातूरकर, अगदी बरोबर, आणि टोकदार शेपटाच्या पात्याला मी आजही लाखच वापरतो. पण यांची पट्टी सपाट आणि रुंद आहे, दोन फळ्यांच्या मध्ये बसणारी. तिथे लाख पुरेशी धरत नाही, आणि रोज धुतली जाणारी सुरी आहे. शिवाय गॅसजवळ ठेवली तर लाख मऊ पडते. जोडणी लोखंडाच्या आकारावरून ठरवायची.

जवसाची_चटणी_अकोला

शेवटी काय लावणार ते कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी लाकडी पळ्या, उलथणी करते. खोबरेल लावू नका, ते कधीच सुकत नाही, मूठ ओशट राहते आणि धूळ धरते. शेंगदाण्याचं तेल काही दिवसांनी खवट वास मारतं. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. घाण्यावरचं साधं तेल सुकायला आठवडे घेतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं लवकर सुकतं, पण त्यात सुकवण्यासाठी धातूची क्षारं घातलेली असतात. स्वयंपाकघरातल्या वस्तूला मी घाण्याचंच वापरते आणि वाट बघते.

आधी मूठ ओल्या फडक्याने पुसायची. लाकडाचे बारीक केस उभे राहतात. वाळल्यावर ३२० नंबरने हलकेच घासायची. मग तेलाचा अगदी पातळ हात, वीस मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसून काढायचं. बोटाला चिकट लागेनासं झालं की दुसरा हात. तीन-चार हात पुरतात. शेवटी मधमाश्यांचं मेण थोड्या जवस तेलात वितळवून चोळायचं.

आणि हे कृपा करून पाळा. जवस तेलाची फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाण्यात भिजवून मग टाका. फ्लॅटमध्ये राहता म्हणून मुद्दाम सांगते.

रानवाट_नाशिक

शिसवीच्या भुशाचंही बघा. काहींच्या अंगावर पुरळ उठतं, शिंका येतात. मास्क आणि पूर्ण बाह्या, गॅलरीचं दार बंद. आईंना त्या खोलीपासून दूर ठेवा.

अजून एक, हे बाकीच्यांसाठी. वाचून कुणी जंगलातून तिवस किंवा खैर तोडायला निघू नये. महाराष्ट्रात वृक्षतोड नियमनाचा १९६४चा कायदा आहे. साग, खैर, तिवस, अंजन आणि आंबा, फणस, चिंचसुद्धा त्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी परवानगी लागते. मुठीला विटेएवढं लाकूड पुरतं. जुन्या घरांच्या लाकडाच्या वखारीत वासे, चौकटी, पलंगाचे पाय मिळतात.

मीनल_फोंडा

कण्हेरीचं लाकूड कुणी वापरू नका, पांढरी, लाल वा पिवळी, कुठलीच. झाडाच्या सगळ्या भागांत विष असतं. आमच्याकडे खाडीकाठी गेवा असतो, त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. बिबव्याचा चीक अंगावर फोड आणतो. लाकूड ओळखीचं नसेल तर अन्नाजवळ नको.

बिबळ्याच्या लाकडाबद्दल विचारायचं होतं. माझ्याकडे त्याचा एक तुकडा आहे, चालेल का?

कुडाळचो_सुतार

बिबळा मजबूत, पण पाण्यात रंग सोडतो. त्याच्या लाकडाच्या पेल्यात ठेवलेलं पाणी म्हणूनच तपकिरी होतं. रोज ओल्या हातात राहणाऱ्या मुठीला नको. त्याची कोरड्या कामाच्या पटाशीला मूठ करा, सुंदर दिसेल. आपल्याकडे सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची व्हायची, कारण तो हलका आणि रंग छान धरतो. तोच पांगारा मुठीला घातला तर महिनाभर टिकणार नाही. लाकडाला नावं ठेवू नयेत, त्याची जागा शोधावी.

दिवेआगरकर_पुणे

शाडूचं माप झालं. मधोमध २६ मिलिमीटर जाडी आली, म्हणजे काकांच्या अंदाजापेक्षाही जास्त. अंगठा आई वरून ठेवत नाही, बाजूला दाबते, हे मला आजवर माहीतच नव्हतं. पट्टीवर कानस ओढली, कातरते आहे. पाय चिरायला घेतला. पहिल्या करवतीत आतून जांभळट काळ्या रेषा निघाल्या आणि गोडसर वास आला.

शेवटचा प्रश्न. पितळी सळईची टोकं हातोडीने ठोकून रिबिटासारखी पसरवायची का?

कुडाळचो_सुतार

शिसवीला ठोकू नका. पितळ भोकात फुगतं आणि भोकापासून टोकापर्यंत चीर जाते, कधी लगेच, कधी पुढच्या उन्हाळ्यात. सळईला साठ नंबरने आडवे ओरखडे पाडा, म्हणजे अराल्डाइट धरेल. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर बाहेर राहील एवढी कापा आणि फळ्यांबरोबरच चिकटवा. दुसऱ्या दिवशी लोखंडाच्या कानशीने लाकडाच्या पातळीला आणा. कानस सावकाश चालवा, पितळ तापलं तर आतलं अराल्डाइट मऊ होतं. हाताला गरम लागलं की थांबायचं.

अंगठा बाजूला दाबतात म्हणालात, तर त्या बाजूच्या फळीवर, पात्यापासून दोन बोटं मागे, मूठ अगदी हलकी सपाट करा. मिलिमीटरभर पुरे. कोळशाची पूड लावून बघाल तेव्हा तिथेच सगळ्यात आधी काळं उमटेल.